चौथी फेरी

पहिल्या फेरीला दार रमाकांत वायंगणकरांनीच उघडलं.
रविवार. अंगात बनियन, हातात इस्त्री.
घणसोली, घरोंदा, तिसरा मजला.
खिडकीतून विजेच्या मनोऱ्यांच्या तारा
आणि तारांखाली पालकाचे वाफे.
मी टॅब काढला. म्हटलं, सरकारी पाहणी आहे,
नाव बाहेर जात नाही.
म्हणाले, जाऊ दे की. नाव काय वाईट आहे?

रबाळ्याला व्हॉल्व्हची कंपनी, एकवीस वर्षं.
हातात सत्तावीस हजार चारशे,
पीएफ, दिवाळीला एक पगार आणि सोनपापडी.
मी संकेतांक टाकला : एकतीस, नियमित पगारी.
पत्नी सुहासिनी : ब्याण्णव, घरकाम.
मुलगी तन्वी : एक्याण्णव, शिक्षण,
सिव्हिल डिप्लोमा, दुसरं वर्ष.
भिंतीला टेकवलेला ड्रॉइंग बोर्ड,
त्यावर एका पुलाचा उभा छेद, पेन्सिलीतला.
पुलाखालचं पाणी काढायचं राहिलं होतं.

नियम असा, की वर्षात चार वेळा जायचं
त्याच घरी, तेच प्रश्न घेऊन :
मागच्या सात दिवसांत किती दिवस? किती तास?

दुसऱ्या फेरीला म्हणाले, कंपनी उंबरगावला गेली.
लेक दिल्यासारखं म्हणाले.
मी प्रश्न वाचायच्या आत,
लिहा, काम शोधतोय.
एक्याऐंशी.
तास विचारले.
बसून राहिलेले धरता का हो?

तिसऱ्या फेरीला ते घरी नव्हते.
महापे, काचेची इमारत, गेट नंबर दोन,
बारा तासांची पाळी, एजन्सीचा गणवेश,
तेरा हजार पाचशे.
सांगत होती सुहासिनी.
टॅबने पुन्हा एकतीसच मागितला.
लेखी करार? नाही. भरपगारी रजा? नाही.
पीएफ? कापतात म्हणे, जातो कुठे ते माहीत नाही.
आणि तुम्ही?
मी काय, घरीच.
मागे ओट्यावर पोळ्यांची चळत, तीन फडक्यांत,
ऐरोलीच्या मेसला, रोज शंभर, शेकडा अडीचशे,
पीठ त्यांचं, गॅस हिचा.
मी ब्याण्णव खोडायला लागले, तर हात धरला :
राहू द्या, मॅडम. ह्यांना बरं वाटतं.
मी खोडलं. अकरा.
त्या रात्री मला तेवढंच आठवत राहिलं,
आकडा बरोबर होता तरी.

परवा चौथी फेरी.
आवाज हळू करा, तन्वी झोपलीय.
तुर्भ्याच्या गोदामात रात्रपाळी.
कुणाला तरी दूध, कुणाला चार्जर,
दहा मिनिटांत पोचवायचं असतं म्हणे,
ही मांडणीतून काढून पिशवीत भरते.
चालते किती ते मोबाइलवर दिसतं : अठरा हजार पावलं.
मिळतात सोळा हजार.
कॉलेज?
पुढच्या वर्षी, असं तिघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे.
बोर्ड आता आडवा, दोन डब्यांवर,
त्यावर पोळ्या गार होत होत्या.
पुलाचा कागद मी शोधला नाही. असेल कुठे तरी.

मग बेरीज.
तेरा पाचशे, सहा, सोळा :
पस्तीस हजार पाचशे.
वर्षात आठ हजार शंभराची वाढ, जवळपास तीस टक्के.
घरातले कमावते एकाचे तीन.
रमाकांत तेवढ्यात पाळीवरून आले, टोपी काढून
टॅबमध्ये डोकावले.
वाढलंय ना?
हो.
मग चांगलंच म्हणायचं.

मी काय बोलणार? वाढलं होतंच.
आलेख काढणारा दिल्लीत कुठे तरी बसलेला असेल,
त्याची रेघ आमच्या जिन्यावरून वर चढेल,
आणि ती खोटी नसेल.
माझा करार मार्चपर्यंत. नंतरचं मलाही ठाऊक नाही,
पण मला कुणी सात दिवसांचं विचारत नाही.

निघताना सुहासिनीने कागदात चार पोळ्या बांधून दिल्या.
नको म्हणताना बस चुकेल म्हणून घेतल्या.
स्टॉपवर उभ्याउभ्या दोन खाल्ल्या, नुसत्याच, गरम.
मग हिशेब आला डोक्यात, सवयीने :
दहा रुपयांच्या.
शंभर भरायला
तिने पुन्हा लाटल्या असतील.